सकारी पाठवतो

"नाई माय, थ्या मशिना इथी नाईत. थ्या मुंबईकडं एका मोठ्या गोदामात हायेत. मी इथून फक्त सांगतो, किती उभ्या कराच्या अन् किती घरी धाडाच्या."

"मंग रोवण्याच्या बायाईसारखंच झालं."

"तसंच समज."

"मंग इंजिनेर काऊन म्हणतेस सोताले? मुकरदम हायेस तू."

गुणाबाई कोडापे ओसरीत पाय पसरून बसली होती आणि रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, पऱ्ह्याच्या रोपांच्या पेंड्या बांधायच्या दोऱ्या वळत होती. तिची लेक रंजीता आतल्या खोलीतून अंगणात, अंगणातून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून परत खोलीत अशा येरझारा घालत होती. अकरा वाजल्यापासून तिच्या अशा पन्नास तरी खेपा झाल्या असतील. कोंबड्याही आता तिच्या वाटेतून बाजूला व्हायचं सोडून बसल्या होत्या. मशीन मुंबईत असताना लेकीच्या पायाला काय झालंय, एवढंच गुणाबाईला विचारायचं होतं. त्यावरून हे बोलणं निघालं.

गाव पोंभुर्ण्यापासून तीन कोसांवर. कोडाप्याच्या घरामागं साडेतीन बांध्या धानाच्या, त्यापलीकडं जंगल. बाप चार वर्षांमागं गेला. रंजीता चंद्रपूरला डिप्लोमा शिकली, पुण्याच्या कंपनीत लागली आणि चौदा महिने तिथं राहून परत आली. कंपनीनं तिला काढलं नव्हतं. तिनंच अर्ज केला होता की मला गावातून काम करू द्या. बस स्टँडपासून फायबरची तार तिनं स्वतः मागं लागून घरापर्यंत आणली, बॅटरी बसवली, खोलीच्या छपराला आतून ताडपत्री मारली. तिच्या वरच्या अंकुश सरांनी हो-नाही करत एक अट घातली. तापाच्या मोहिमेचे पंधरा दिवस सगळं एकदाही न पडता चाललं तर गावात राहा. पडलं तर पुढच्या एक तारखेला पुण्यात हजर व्हायचं.

आज मोहिमेचा सातवा दिवस होता.

मोहीम अशी, की पावसाळ्यात गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावांत ताप वाढतो. गावोगावच्या आशाताई घरोघर जातात, ज्याला ताप आहे त्याच्या बोटातलं थेंबभर रक्त पट्टीवर घेतात, पट्टीचा फोटो काढतात आणि मोबाइलमध्ये नाव-गाव भरून पाठवतात. त्यावरून यादी तयार होते आणि यादीवरून गोळ्यांची गाडी निघते. हे फोटो ज्या मशिनींवर येऊन पडतात त्या सांभाळायचं काम रंजीताचं. मशिनी म्हणजे सर्व्हर. त्यांचा कळप कमी-जास्त आपोआप होतो. किती कमी होऊ द्यायचा, किती वाढू द्यायचा आणि कशावरून वाढवायचा, हे एका पानावरच्या रकान्यांत भरून ठेवायचं असतं. कमीत कमी दोन, जास्तीत जास्त आठ. मशिनींवर साठ टक्क्यांच्या वर ताण पाच मिनिटं राहिला तर आणखी दोन उभ्या करा. ताण उतरला तर दहा मिनिटं थांबून घरी धाडा.

कागदावर हे छान दिसत होतं. पुण्यात काचेच्या खोलीत बसून ते लिहिलेलं, त्यामुळं तिथल्या माणसांच्या येण्याजाण्यासारखंच हळूहळू चढणारं आणि हळूहळू उतरणारं. पण आशाताई काही हळूहळू येत नाहीत. गावात रेंज नसते. ताई सकाळी घरं फिरते, मग स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बांधीत रोवण्याला जाते, सांजेला चिखलाचे पाय धुऊन टेकडीवर नाहीतर रस्त्यावरच्या टॉवरखाली येते आणि दिवसभराचं एकदम सोडते. सगळ्याच गावांत तीच वेळ. साडेपाचला कोणी नसतं आणि पावणेसहाला नऊशे फोन दारात उभे. मशीन म्हणते, थांबा, पाच मिनिटं ताण बघते. मग नवी मशीन उठायला चार मिनिटं घेते. तोवर जुन्या दोघी आडव्या.

हे पहिल्याच सांजेला होता होता राहिलं. दुसऱ्या दिवशी रंजीतानं अंकुश सरांना समजावलं की इथं ताण बघून माणसं बोलवायची रीत नाही, इथं रोवण्याचा दिवस ठरला की बाया आधीच सांगून ठेवतात. वेळापत्रक लावा. पाच वाजताच आठही उभ्या करा. सरांनी ऐकलं. तेव्हापासून सांजा नीट जात होत्या. आठ मशिनींवर ताण सत्तर-पंच्याहत्तर टक्के, त्याच्यावर नाही.

मग काल सांजेला वादळ आलं. मुलचेऱ्याच्या आतले टॉवर बसले, एटापल्लीकडचेही. पावणेसहाला पडद्यावरची रेघ आडवीच राहिली. आठ मशिनी हात बांधून उभ्या आणि कोणी आलंच नाही. रंजीताच्या ओळखीची एक आशा होती, मंगली. मुलचेऱ्याच्या आतल्या गावातली, वयानं मोठी, तोंडानं त्याहून मोठी. ती गोळ्या घ्यायला तालुक्याला आली होती म्हणून तिचा फोन लागला. मंगलीनं सांगितलं की साऱ्या ताया आपापल्या गावात अडकल्या आहेत, नाल्याला पाणी आहे, आज कोणाचंच काही निघत नाही. "आता सकारी पाठवतो साऱ्या जनी," ती म्हणाली आणि फोन तुटला.

रंजीतानं लगेच हिशेब केला. कालचं राहिलेलं सकाळी येणार. तिनं सरांना फोन करून सांगितलं की सकाळी सहा ते अकरा सोळा मशिनी लागतील. सर नाखूष होते, पण म्हणाले, लाव. तिनं वेळापत्रकाच्या पानावर लावलं. पाचला उठून बसली. सहाला सोळाही उभ्या राहिल्या.

कोणी आलं नाही. सात वाजले, नऊ वाजले. पडद्यावर रेघ जमिनीला चिकटलेली. साडेनऊला अंकुश सरांचा फोन आला. ते रागावत नाहीत, आवाज बारीक करतात. सोळा मशिनी साडेतीन तास कशासाठी उभ्या आहेत, हे त्यांनी दोनदा विचारलं. शेवटी ते म्हणाले की यापुढं मला विचारल्याशिवाय आकड्यांना हात लावायचा नाही. जास्तीत जास्तचा रकाना त्यांनी तिच्यासाठी बंदच करून टाकला. आठ म्हणजे आठ.

अकराला वेळ संपली, मशिनी दोन-दोन करून घरी गेल्या, आणि रंजीताच्या पायाला भिंगरी लागली.

तिला एकच गोष्ट खात होती. टॉवर रात्रीच चालू झाले, हे तिनं तपासलं होतं. मग ताया गेल्या कुठी? मंगली बोलायला फटकळ असली तरी खोटं बोलणारी नव्हती. तिनं मंगलीला चार वेळा फोन लावला. ती रेंजच्या बाहेर. मशिनीच बिघडल्या असतील म्हणून तिनं स्वतःच्या मोबाइलवरून एक खोटी नोंद पाठवून बघितली. अर्ध्या क्षणात गेली. दार उघडं होतं, आत यायलाच कोणी नव्हतं.

जेवायला बसली तर दोन घासांवर उठली. दुपारी डोळे मिटून पडली तर पुणंच दिसायला लागलं. पुण्यात तिला कोणी मारलं-झोडलं नव्हतं. एका खोलीत चौघी राहायच्या, सगळ्या चांगल्या होत्या. फक्त पहिल्या आठवड्यात ती "मले माहीत नाई" म्हणाली आणि टेबलाभोवतीची माणसं हसली. वाईट हसली असंही नाही, गंमत वाटून हसली. मग ती रोजचीच गंमत झाली. कोणी पाणी मागताना म्हणायचा, "मले पानी दे." तीन महिन्यांत रंजीतानं मले सोडलं, मला धरलं. काऊनचं का झालं. सहा महिन्यांनी तिनं घरी फोन केला तर गुणाबाईनं "कोन बोलून राह्यलं जी?" असं अहोजाहोत विचारलं आणि बँकेचा फोन समजून ठेवून दिला. त्या दिवशी रंजीतानं संडासात जाऊन तोंड धुतलं, आणि परत येऊन टेबलावर बसली. परत यायचं तेव्हाच ठरलं असावं. गावात आल्यावर मायशी बोलताना जीभ जुन्या वळणावर आली. पण दिवसाचे आठ तास फोनवर पुणंच असायचं.

चार वाजता ओसरीत कोणाची तरी चाहूल लागली. शेजारची दुर्गा आली होती. दुर्गा गावातल्या वीस बायांची टोळी घेऊन रोवण्याला जाते. कोणाच्या बांधीत कधी जायचं ते तीच ठरवते. कोडाप्याच्या खालच्या बांधीचं रोवणं राहिलं होतं, ते विचारायला आली होती. गुणाबाई म्हणाली की चिखलणी अजून झाली नाही, टॅक्टर आज येतो म्हणून आला नाही.

"मंग कवा येऊ?" दुर्गा म्हणाली.

"आज राहू दे. सकारी ये, जेवनं करून. बाराच्या सुमारास."

"येतो मंग सकारी," म्हणून दुर्गा निघाली.

रंजीता दारात उभी होती. हातातला मोबाइल तसाच राहिला.

"माय, तू काय म्हणली तिले?"

"काय म्हणली? सकारी ये म्हणलं."

"सकारी अन् बारा वाजता?"

गुणाबाईनं दोरी वळता वळता मान वर केली. "सकारी म्हंजे उद्या. दिवस निंगाच्या टायमाले पायटे म्हणते आपल्यात. पुन्याले जाऊन मराठी बी इसरली का?"

रंजीताला बाप आठवला. लहानपणी बाप सांजेला बाजारातून यायचा, ती गोड मागायची, तो म्हणायचा सकारी आणतो. दुसऱ्या दिवशी सांजेलाच आणायचा. कोणत्या पोराला हे शिकवावं लागतं? आणि काल मंगली बोलली तेव्हा तिच्या कानात सकारी शिरलं आणि सकाळ होऊन बसलं. पुण्यातल्या माणसाची चूक झाली असती तर तिनं त्याला हसून दाखवलं असतं.

ताया उद्या पाठवणार होत्या. तो उद्या म्हणजे आज. नेहमीच्या वेळी, नेहमीच्या टेकडीवर. कालचं आणि आजचं दोन्ही एकदम.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आठ मशिनींवर एका दिवसाचा ताण पंच्याहत्तर टक्के. दोन दिवसांचा आठांना झेपणारच नव्हता. आणि एकदा मशीन नाही म्हणाली की फोन गप्प बसत नाहीत, तेच तेच परत पाठवत राहतात, दारावर गर्दी तिपटीनं होते.

तिनं अंकुश सरांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. शेवटी कार्यालयातल्या एका मुलीनं उचलला आणि सांगितलं की सर मोठ्या बैठकीत आहेत, सहापर्यंत कोणाचा फोन घेणार नाहीत. रंजीतानं निरोप लिहिला, एकदा नीट, मग एकदा थोडक्यात. निळी खूण आली नाही.

मंगलीचा फोन मात्र पाचव्यांदा लागला. मागं वारा आणि रोवणाऱ्या बायांचा गलका होता; आज तिचं काम रस्त्याकडच्या, रेंज असलेल्या बांधीत होतं.

"मंगलीबाई, कालचं तुमी कवा पाठवून राह्यल्या?"

"सांगतलं नाई का तुले काल? आज. सकारी म्हणलं होतं नं."

"मी पायटे समजली जी."

"पायटे?" मंगली हसली, आणि बाजूच्या बाईलाही सांगून हसवलं असावं. "पायटे आमी घरं फिरतो, मंग चिखलात जातो. तुमच्या कंपनीत पायटे कामं करते का कोनी?" मग तिनं सांगितलं की आज सांजेला टेकडीवर पाच गावच्या ताया येणार आहेत, अन् साऱ्याईच्या मोबाइलात दोन दिवसांचे फोटो भरून आहेत.

रंजीता खोलीत आली. पानावर जास्तीत जास्तचा रकाना करडा पडलेला होता, त्यात आठ लिहिलेलं, बोट दाबून काही होत नव्हतं. ती उठली, गोठ्यापर्यंत गेली. परत आली. तिला ठाऊक होतं की दुसरं दार उघडं आहे. वेळापत्रकाच्या पानावर नवी वेळ लिहिताना तिथंही जास्तीत जास्त विचारतात, आणि तो रकाना सरांनी बंद केलेला नव्हता. त्यांच्या लक्षातच आला नव्हता. तिथं वीस लिहिलं तर कळप विसापर्यंत जाईल.

पण मग सर म्हणतील की सकाळी सांगितलं, दुपारी मोडलं. मोहीम पडली तर पुणं आणि न विचारता हात लावला तरीही पुणंच. फरक इतकाच की न लावता बसली तर सरांच्या शब्दाबाहेर गेली असं कोणी म्हणणार नव्हतं. गोळ्यांची गाडी एक दिवस उशिरा निघेल, ताया टेकडीवर अंधार होईपर्यंत बसतील, आणि दोष वादळाचा.

ती अजून एकदा अंगणात गेली. गुणाबाई म्हणाली, "अवो बस नं एका जाग्यावर. बाया बोलवाच्या असन त बोलव, नाई त नोको बोलवू. चकरा मारून कोनी येत नाई."

रंजीता आत गेली आणि तिनं लिहिलं. सुरुवात चार वाजून पन्नास मिनिटं, शेवट रात्री नऊ, कमीत कमी वीस, जास्तीत जास्त वीस. खाली कारणाचा रकाना होता. त्यात तिनं लिहिलं, दोन दिवसांच्या नोंदी एकत्र येणार. मग बटण दाबलं. त्याच शब्दांत सरांना तिसरा निरोप टाकला, की मी हे केलं आहे.

पाच वाजता पडद्यावर वीसच्या वीस दिसायला हव्या होत्या. दिसल्या नऊ. बाकीच्या उठत होत्या, लाल होत होत्या आणि मरत होत्या. त्यांच्या जागी नव्या उठत होत्या, त्याही मरत होत्या. पाच वाजून दहा मिनिटांनीही नऊच. मग तिनं एका मेलेल्या मशीनची नोंद उघडून वाचली. मशीन आजारी नव्हती. इतक्या जणी एकदम उठल्या की सगळ्यांना एकाच ठिकाणाहून सामान आणावं लागतं, म्हणून चार मिनिटांचं काम सहावर गेलं होतं. आणि मशिनींची तब्येत तपासणारा, आपोआप चालणारा पहारेकरी पाच मिनिटांनी येऊन विचारत होता, तयार का? तयार नाही म्हटलं की मोडीत. रोवण्याला आलेली बाई पदर खोचते तोवर तिला परत धाडावं, तसला प्रकार.

हा रकाना तिच्या हातातला होता. पहारेकऱ्याला तिनं बारा मिनिटं थांबायला लावलं. आणि खुर्चीवर पाय वर घेऊन बसली, कारण पाय खाली ठेवले तर ते परत चालायला लागले असते.

अकरा. तेरा. सोळा. साडेपाचला एकोणीस. पाच वाजून पस्तीस मिनिटांनी वीस.

आणखी सहा मिनिटांनी टेकड्यांवरचे फोन आले. रेघ अशी उठली की पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली आणि पानानं स्वतःच माप बदललं. चाळीस टक्के, एकसष्ट, ऐंशी. कुठल्या टेकडीवर कोण उभी आहे ते पडद्यावर दिसत नाही, नुसते आकडे पळतात. अठ्ठ्याऐंशी. ती मनातल्या मनात पुढचा आकडा म्हणत होती आणि तो येऊ नये असंही म्हणत होती. एक्याण्णवला रेघ थांबली. दोन मिनिटं तिथंच थरथरली. मग ब्याऐंशी, मग पुन्हा सत्त्याऐंशी, मग उतरायला लागली. नकार मिळून परत आलेला फोन एकही नव्हता.

सहा वाजून दहा मिनिटांनी अंकुश सरांचा फोन आला. आवाज बारीकच होता. त्यांनी सगळं बघितलं होतं. वेळापत्रकाच्या वाटेनं जास्तीत जास्त वाढवता येतं हे त्यांना आत्ता कळलं, ती वाट ते उद्या बंद करणार होते, आणि तिनं न विचारता ती वापरली हे ते अहवालात लिहिणार होते. रंजीता हो म्हणाली. मग त्यांनी विचारलं की सकाळी सोळा वाया कशा गेल्या, ते तरी कळलं का.

तिनं सांगितलं. सकारी म्हणजे उद्या.

"पण तू तिथलीच ना?" सर म्हणाले.

"इथलीच आहे सर. पुण्यात चौदा महिने राहून इसरली." इसरली हा शब्द तिच्या तोंडून निघून गेला, तिनं तो परत घेतला नाही. "अजून दोन वर्षं तिथं राहिली असती तर दुर्गा बोलली तेव्हाही मला समजलं नसतं. मग आज आठच मशिनी असत्या."

"दुर्गा कोण?"

"रोवण्याच्या बायांची टोळी नेते. तिला पाऊस, चिखल आणि बाया तिन्हींची वेळ माहीत असते."

मागं कोणीतरी सरांना बोलावत होतं. "बरं," ते शेवटी म्हणाले. "सांजेसाठी विसाची परवानगी रीतसर लिहून देतो. त्याच्या वर जायचं तर फोन. मी नाही उचलला तर ज्यानं उचलला त्याला सांगून बैठकीतून मला उठव."

"आणि एक तारखेचं?"

"इथं येऊन काय करशील? परत विसरशील." त्यांनी फोन ठेवला.

ओसरीतून गुणाबाईनं विचारलं की चहा मांडू का, की अजून चकरा बाकी आहेत. रंजीता म्हणाली मांड. रेघ पन्नासावर आली होती, पण आतल्या नाल्यापलीकडची काही गावं अजून यायची होती. नऊनंतर मशिनी घाईनं घरी जाऊ नयेत म्हणून तिनं थांबायची वेळ दहावरून वीस मिनिटं केली. मग ती मेलेल्या मशिनींच्या नोंदी पहिल्यापासून वाचायला बसली. इतक्या जणींनी एकाच जागेवरून सामान का आणावं, त्याची सोय आधीच प्रत्येकीच्या गाठोड्यात करून ठेवता येईल का, ते तिला आठव्या दिवसाच्या आत करायचं होतं.